टेपवाडीची कललेली झाडं

हैबती उतेकर पेंटरला लहान चित्र कधी जमलं नाही. वहीच्या पानावर गणपती काढायला सांगा, सोंड पानाबाहेर जायची आणि उंदराला जागाच उरायची नाही. पण वीस फुटी कापड ताणून द्या, नाहीतर देवळाची आख्खी भिंत मोकळी करून द्या, मग गड्याचा हात बघावा. पोलादपूर आणि महाडच्या डोंगरातल्या निम्म्याशिम्म्या वाड्यांच्या नाटकांचे पडदे त्यानंच रंगवलेले. एक राजवाड्याचा, एक जंगलाचा, एक रस्त्याचा. शिमग्याला मुंबईकर मंडळी गावी यायची, देवळासमोर मांडव घालून नाटक करायची, आणि राजा आपलं भाषण विसरून घाम पुसत उभा राहिला तरी लोक मागचा राजवाडा बघत गप्प बसायचे. "नाटक पडलं, पडदा तेवढा झाला," असं एका गावात पाटील म्हणाला, तर हैबती पुढं महिनाभर ते वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत होता.

मग फ्लेक्स आले. छापील राजवाडा तासाभरात मशीनमधून बाहेर पडायचा, गुंडाळून एस्टीच्या टपावर टाकता यायचा, भिजला तरी रडायचा नाही. हैबतीच्या वाट्याला उरले शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, दुकानांची शटरं आणि कधीमधी एखादं देऊळ. तो फ्लेक्सला शिव्या देत नसे. "त्या मशीनला खांदा नाय, म्हून तिला थकवा नाय. थकव्याबिगर आभाळ येत नाय भितीवर," एवढंच म्हणायचा आणि शटरवर 'येथे पंक्चर काढून मिळेल' लिहायला बसायचा.

मोठ्या चित्रात एक गोम असते. जो काढतो त्यालाच ते दिसत नाही. बांबूच्या परांचीवर उभं राहून, भिंतीला नाक लावून माणूस हत्ती रंगवत असतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं नुसता करडा रंग असतो. पाय कुठं गेला, कान कुठं आला, काही कळत नाही. खाली उतरायचं, शंभर पावलं लांब जायचं, वळून बघायचं, चूक मनात धरून परत यायचं आणि वर चढायचं. दिवसातून पन्नास वेळा. हैबतीनं यावर एक तोड काढली होती आणि ती म्हणजे त्याची बायको राहीबाई.

लग्न झाल्यापासून ती त्याच्याबरोबर कामावर जायची. तो परांचीवर आणि ती लांब कुठंतरी, शेताच्या बांधावर नाहीतर रस्त्याच्या पलीकडं. तिला कागदावर एक सरळ रेघ ओढता यायची नाही, पण डोळा असा की सूतभर चूक सुटायची नाही. "अवो, देवीचा डावा डोळा खाली आलाय!" ती तिथून ओरडायची आणि सगळा गाव ऐकायचा. हैबती निमूट फडकं घेऊन डोळा पुसायचा. घरात त्यानं बायकोचं कधी फारसं ऐकलं नाही, चारचौघांतल्या नवऱ्यासारखाच तो; पण भिंतीवर तिचा शब्द शेवटचा. चाळीस वर्षं असं चाललं, आणि त्याची कामं सरळ उतरायची ती याच रीतीमुळं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी चूकसुद्धा याच रीतीनं झाली.

ती चूक टेपवाडीत झाली. पोलादपूरच्या वर, ओढ्याच्या अंगानं चढत गेलं की तीन कोसांवर ही वाडी होती. तेवीस घरं, मधोमध जननीदेवीचं देऊळ, आणि घरांच्या डोक्यावर ऐन-किंजळांच्या झाडांची दाट रांग. एका मे महिन्यात वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळानं देऊळ नवं केलं आणि त्याच्या मोठ्या भिंतीवर देवीची पालखी रंगवायला हैबतीला बोलावलं. पालखीच्या मागं वाडी आणि डोंगर हुबेहूब हवा, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हैबती ओढ्यापलीकडच्या टेकाडावर जाऊन बसला आणि चित्रकलेच्या मोठ्या वहीत, समोरासमोरची दोन्ही पानं भरून, त्यानं आख्खी टेपवाडी उतरवून घेतली. दोन सकाळ तो तिथं बसला होता. घरं काढली, देऊळ काढलं, झाडांची रांग काढली. झाडं सगळी खालच्या अंगाला कलली होती. बुंधे मुळापाशी वाकून मग वर गेलेले. विजेचे दोन खांबही तसेच, एक तार ताणलेली आणि एक लोंबलेली. हात चालू होता, डोळा सांगेल तसा तो काढत गेला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मग वहीतलं चित्र चौकोन पाडून त्यानं भिंतीवर मोठं केलं. राहीबाई नेहमीसारखी लांब उभी राहिली आणि ओरडली, "अवो, झाडं कलली! दारू पिऊन काडल्यात का काय?"

देवळासमोर पाच-सात माणसं बसली होती. सगळी पोट धरधरून हसली. म्हातारी ठकूबाई, तिचा मुलगा, तिची नात दर्शना, सगळे. "पेंटरला उतरली नाय अजून," असं ठकूबाईचा मुलगा म्हणाला आणि हशा आणखी वाढला. हैबती दारूच्या थेंबाला शिवणारा माणूस नव्हता, म्हणून त्याला जास्तच लागलं. त्यानं ओल्या फडक्यानं झाडं पुसली आणि एकेक सरळ उभं केलं. खांबही सरळ केले. राहीबाईनं लांबून दोन्ही हात वर केले, म्हणजे आता बरोबर.

चार दिवसांनी काम आटोपून परतताना फाट्यावर एस्टीची वाट बघत तो बसला होता आणि त्यानं वही उघडली. झाडं कागदावर कललेलीच होती. त्याच्या मनात आलं, की कागद काही परांचीवरून काढला नव्हता. कागदावरचं काढताना तर आपण चांगलं लांब बसलो होतो. मग ही झाडं कललीत ती आपल्या हातानं की खरीच? डोंगरातला माणूस तो, खालची जमीन सरकली की झाड कलतं हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण तेवढ्यात एस्टी आली, डबे-ब्रश टपावर चढवायची गडबड झाली, आणि आपल्याला काय करायचंय म्हणून त्यानं वही पिशवीत टाकली.

दोन महिन्यांनी, सलग पावसाच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेचारला टेपवाडीवर डोंगर आला. एकतीस माणसं गेली. देऊळ गेलं, त्यावरची पालखी गेली, सरळ केलेली झाडं गेली. वाचले ते केवळ वाडीत नव्हते म्हणून. भिकू बिरवाडीच्या एका कारखान्यात पहारेकरी होता, पाळीवर गेला होता, तो वाचला. त्याची बायको आणि दोन भाऊ गेले. ठकूबाई लेकीकडं तुडीलला गेली होती, ती वाचली. मुलगा, सून आणि दर्शना गेली. दुरून डोंगर साजरे म्हणतात. ज्यानं म्हटलं त्यानं डोंगर नीट बघितलेला नसावा, असं हैबतीला त्या दिवसापासून वाटतं.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. राहीबाईला तर मुळीच नाही. सांगायचं तर तिचं ओरडणंही सांगावं लागलं असतं, आणि ते तिनं जन्मभर उराशी धरलं असतं. वही त्यानं ट्रंकेत तळाला ठेवली. वर लग्नातली शाल, तिच्यावर पोराची सर्टिफिकिटं, आणि कुलूप. पण मनाला कुलूप कुठं लागतं? पावसाची सर जोरात आली की तो उठून बाहेर जायचा आणि उगाच समोरच्या डोंगराकडं बघत उभा राहायचा.

चार वर्षं गेली. वाचलेल्यांना खाली रस्त्याच्या कडेला, दुसऱ्या एका डोंगराच्या पायथ्याशी, नवी घरं मिळाली. बावीस घरं, एका साच्यातली, दारावर नंबर. लोक त्याला कॉलनी म्हणायचे. टेपवाडी हे नाव तिथं कुणी घेईना. मध्ये एक समाजमंदिर बांधलेलं, त्याची रस्त्याकडची भिंत चाळीस फूट लांब आणि चौदा फूट उंच. मुंबईच्या मंडळानं ठरवलं, की या भिंतीवर आपली जुनी वाडी लावायची. मंडळाचा सेक्रेटरी ओम, तिशीतला, चांगला पोरगा, म्हणाला की फ्लेक्सच प्रिंट करू, फोटो द्या. तेव्हा सगळ्यांनी मोबाइल धुंडाळले आणि लक्षात आलं, की आख्ख्या वाडीचा एकही फोटो कुणाकडं नाही. लग्नं होती, बारशी होती, गणपतीची आरास होती. ठकूबाईपाशी दर्शनाचा उंबऱ्यात बसलेला फोटो होता, त्यात मागं पाव दार दिसत होतं. माणूस आपलं गाव कशाला काढून ठेवील, ते तर रोज तिथंच असतं.

"पेंटरला बोलवा," भिकू म्हणाला. "त्यानं पालकी काडली तवा मागं सगळी वाडी घेतली व्हती."

भिकू हैबतीच्या घरी आला तेव्हा हैबती अंगणात बसला होता. काम ऐकल्यावर तो एका दमात हो म्हणाला. नाही म्हणायला तोंड नव्हतं. वाडीचं एकुलतं एक चित्र त्याच्याच ट्रंकेत होतं, आणि त्याच चित्रात त्याचा गुन्हा होता. वही बाहेर काढली तर वाडी परत मिळणार होती. पण झाडं कशी काढायची? सरळ काढली तर दुसऱ्यांदा तेच. कललेली काढली तर लोक विचारणार, आणि मग बोलावं लागणार, त्या म्हातारीच्या तोंडावर, जिची नात त्या झाडांखाली गेली. या एका गोष्टीनं त्याची झोप उडाली. राहीबाईला वाटलं, या वयात एवढी मोठी भिंत झेपेल की नाही याची काळजी असेल.

पौषात काम सुरू झालं. आधी आठ दिवस भिंत घासणं, पुट्टी, प्रायमर. बासष्टाव्या वर्षी परांचीवर चढताना हैबतीचे गुडघे करकरायचे, आणि राहीबाईच्या गुडघ्यांनी तर केव्हाच राम म्हटला होता. ती रस्त्यापलीकडच्या भाताच्या कोरड्या खाचरात प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसायची. नीळ लावलेली दोरी हैबतीनं आणि कॉलनीतल्या एखाद्या पोरानं दोन टोकांना ताणून धरायची आणि मधून ओढून टचकन सोडायची, की भिंतीवर निळी रेघ उमटते. अशा रेघांनी आख्खी भिंत चौकोनाचौकोनांची झाली. मग वहीतल्या एकेका चौकोनातली वाडी तो कोळशानं वर चढवू लागला. वहीतल्या झाडांच्या ओळीवर मात्र त्यानं एक कोरा कागद चिकटवून ठेवला होता.

कारखान्याची पाळी सुटली की माणसं भिंतीसमोर येऊन बसायला लागली. "आमचं घर आलं का?" येणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारायचा. भांडणंही झाली. कुणाचा गोठा पुढं आणि कुणाचा मागं, कुणाच्या अंगणात फणस होता आणि फणस नक्की कुणाचा. जिवंतपणी ज्या फणसावरून दोन भाऊ बोलत नव्हते, त्या फणसावरून वाचलेला भाऊ आता म्हणाला, "त्याच्याच अंगणात काड. त्याचाच व्हता." हैबतीनं मान न वळवता फणस तिकडं सरकवला.

माणसं काढायची नाहीत, असं भिकूनं आधीच बजावलं होतं. "येकाचं माणूस काडलंस तर दुसरा रडंल. घरं काड, पानी तापवायचा बंब काड, दोरीवर लुगडं काड. आमाला कळंल कोन आत हाय ते." म्हणून त्या चित्रात माणूस नव्हतं, पण सगळ्या घरांची दारं उघडी होती. दिवसाउजेडी दार लावलेलं घर म्हणजे मुंबईला गेलेलं घर, असा त्या वाडीचा हिशेब. ठकूबाईनं तिच्या दाराचा निळा रंग तीनदा बदलायला लावला. चौथ्यांदा ती जवळ आली, त्या निळ्यावर तळहात टेकवला, आणि हाताला लागलेला रंग तिनं पदराला न पुसता तसाच घरी नेला.

आणि खोटं कशाला सांगा, हैबतीला त्या दिवसांत आनंदही झाला. आभाळ रंगवलं त्या सकाळी तर फार. आभाळाला थांबून चालत नाही. कड सुकली की जोड दिसतो. सहा इंची ब्रश बुडवून, परांचीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस फूट चालत जायचं, हात खांद्यापासून फिरवायचा, वळायचं, खालची पट्टी ओली आहे तोवर परत यायचं. दोन तास तो असा येरझारा घालत होता. श्वास लागला, डोळ्यांत रंग गेला, आणि एकदम सगळी भिंत मागं सरकली आणि तिथं आभाळ झालं. राहीबाईनं खाचरातून दोन्ही हात वर केले. हैबती परांचीवर बसून एकटाच हसला. मग आपण कुणाच्या आभाळावर हसतोय ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

सगळं रंगवून झालं. घरांच्या वर आणि डोंगराच्या खाली एक कोरा पट्टा तेवढा राहिला. आज ऊन फार आहे, आज हिरवा जमत नाही, आज खांदा दुखतोय, असं करत हैबतीनं चार दिवस काढले. पाचव्या दिवशी सकाळी त्यानं वहीवरचा कागद सोलून काढला आणि झाडं जशी होती तशी वर चढवली. अकरा मोठी झाडं आणि दोन खांब, सगळे घरांच्या अंगाला कललेले.

"अवो, झाडं..." राहीबाई खुर्चीतून ओरडली आणि मध्येच थांबली. परांचीवर काही हालचाल दिसेना. मग ती उठली. काठी टेकत, रस्ता ओलांडून, ती भिंतीपाशी आली. काम चालू असताना ती चाळीस वर्षांत कधी भिंतीजवळ आली नव्हती. हैबती खाली उतरला आणि त्यानं तिच्या हातात वही दिली.

तिनं कागद बघितला, भिंत बघितली. तिला समजायला वेळ लागला नाही.

"म्हंजे मीच वराडले व्हते," ती म्हणाली.

"तू भितीचं बोललीस गो. भितीवर ती कललीच व्हती, तुजा डोळा बरोबर व्हता. कागद मी बगितला व्हता. तू नाय."

"चार वर्सं ह्ये धरून बसलात?"

"हां."

राहीबाई भिंतीच्या पायथ्याशी बसली. रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, की मग आज सांगणार ना.

तो रविवार होता. उद्घाटन आठवड्यावर आलेलं, म्हणून मुंबईहून ओम आणि मंडळाची चार माणसं आली होती. कॉलनीतलेही सगळे घरीच. दहाच्या सुमारास भिंतीसमोर चाळीसएक माणसं जमली. कुणी मोबाइल काढले, कुणी नुसतं बघत राहिलं. ओमनं भिंत डावीकडून उजवीकडं बघितली आणि म्हणाला, "काका, एक नंबर झालंय. फक्त ती झाडं टिल्ट झालीत. पाहुणे येणारेत, करेक्ट करून टाका ना."

"वाकडीच झाल्यात खरी," मागून कुणीतरी म्हणालं. एकदोघं हसली.

हैबतीच्या हातात ब्रश होता. तो त्यानं डब्यात ठेवला.

"वाकडी नाय झाली. व्हती तशी काडलीत," तो म्हणाला. "त्या मे म्हैन्यात मी वढ्यापल्याडनं वाडी उतरवली, तवाच ती कलली व्हती. ह्यो कागद बगा. देवळावर मी ती सरळ केली. तुमी हसलात म्हून केली. फाट्यावर मला कळलं व्हतं, की कायतरी बराबर नाय. मी कुनाला बोललो नाय. तुमाला नाय, तलाठ्याला नाय, हिला पन नाय. एस्टी आली, मी बसून गेलो."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. भिकू आता पुढं येऊन मुस्कटात मारील, असं हैबतीला वाटत होतं, आणि मारली तर बरं होईल असंही वाटत होतं. भिकू पुढं आला खरा, पण त्यानं भिंतीवरच्या खांबाकडं बोट केलं.

"ह्यो दुसरा खांब मीच सरळ करून घेतला व्हता," तो म्हणाला. "तू गेल्यावर. वायरमनला कोंबडी खाऊ घातली, तारेचा तान मारून घेतला. सरळ झाला तवा टाळ्या वाजवल्या आमी."

"आमचं मागचं दार लागत नव्हतं," फणसवाला भाऊ हळूच म्हणाला. "बिरवाडीचा सुतार आनून घासून घेतलं."

"आमी पन."

"आमची दोन दारं. त्येच सालात."

मग एकेक करून बाहेर यायला लागलं. त्या उन्हाळ्यात त्या एका सुतारानं टेपवाडीत अकरा दारं घासली होती. टेपवाडीवर माझी दिवाळी झाली, असं तो चेष्टेनं म्हणायचा. कुणाच्या अंगणाला चीर गेली होती, ती शेणानं लिंपली. झऱ्याचं पाणी गढूळ यायला लागलं, बायकांनी कळशीच्या तोंडाला फडकं बांधलं. वाडीला जे जे वाकडं दिसलं ते प्रत्येकानं आपापल्या घरापुरतं गुपचूप सरळ केलं होतं. सगळं एकत्र धरून कुणी बघितलं नव्हतं, कारण आपलंच घर बघायला ओढ्यापल्याड जाऊन कोण बसतो?

"मी बोललो असतो तर..." हैबती म्हणाला.

"बोलला असतास तर काय?" ठकूबाई उसळली. "हसलो असतो आनखी. माजा सोन्या म्हनाला असता, पेंटरला अजून उतरली नाय. आमी हललो असतो का तितनं? कुटं जानार व्हतो?" ती दमली, थांबली, आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "पन बोलायला पायजे व्हतंस रे हैबती. निदान पोरीला मी तुडीलला न्हेली असती संगती."

हैबतीनं मान खाली घातली. याच्यापुढं क्षमा मागणं त्याला शोभलं नसतं, आणि त्यानं ती मागितली नाही.

म्हातारीचा राग मात्र आता सगळ्यांवर निघाला. "झाडाला हात लावू नको त्या. ऱ्हाऊ दे तशीच. दिसू दे सगळ्यांना आपली अक्कल. दार लागत नाय का, बोलीव सुतार! अरं, दार का लागत नाय ह्ये इचारायची अक्कल नव्हती येकाला पन. माजं आता ह्ये नवं दार दिवाळीपासनं लागत नाय, तर मी..."

ती बोलता बोलता थांबली.

"तर तू काय?" भिकूनं विचारलं.

"सुताराला उद्या ये म्हून सांगितलंय," ठकूबाई म्हणाली.

ठकूबाईचं सतरा नंबरचं घर कॉलनीच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला होतं. सगळे तिकडं गेले. भिकूनं दार ओढलं, वरचा कोपरा चौकटीला अडकला. खांद्यानं रेटलं तेव्हा लागलं. चौकटीच्या कोपऱ्यातून गिलाव्याला एक केसाएवढी चीर वर गेली होती. पौषाचे कोरडे दिवस, दार पाण्यानं फुगायचाही प्रश्न नव्हता.

"नवं काम हाय. बसतं थोडं," भिकू म्हणाला, पण त्याचं बोलणं त्यालाच पटलं नाही.

"कॉन्ट्रॅक्टरचा डिफेक्ट असणार, नथिंग सीरियस," ओम म्हणाला. मग तोही सगळ्यांसारखा हैबतीकडं बघायला लागला.

असेलही. हैबती काही इंजिनिअर नव्हता. 'असेल तसंच' एवढं म्हणून त्याला परत भिंतीकडं जाता आलं असतं, आणि कुणी दोष दिला नसता. तो दाराशी वाकलासुद्धा नाही. एका दारावरून काय कळणार? तो वळला, माणसांतून वाट काढत खाली उतरला, रस्ता ओलांडला, राहीबाईची खुर्ची मागं टाकली आणि कोरड्या खाचरांतून चालत गेला. पलीकडच्या नाल्यात उतरला, हातांनी गवत धरत समोरच्या टेकाडावर चढला. बासष्ट वर्षांचा माणूस, दोनदा घसरला. वर पोचल्यावर त्यानं पाठ फिरवली आणि बावीस घरं, त्यांच्यामागचे खांब, खांबांमागची झाडं आणि वरचा सगळा डोंगर एका नजरेत घेतला. घाई केली नाही. इकडं सतरा नंबरच्या दारात माणसं उन्हात उभी होती आणि राहीबाई काठीवर दोन्ही हात ठेवून त्याच्याकडं बघत होती.

मग त्यानं तोंडाभोवती हात धरले.

"खांब कललेत!" तो ओरडला. "वरचे तिन्ही! झाडं पन! घरांकडं!"

शब्द सगळ्यांना स्वच्छ ऐकू आले. कुणी हसलं नाही. ठकूबाईनं आपल्या दाराच्या कडीला धरलं आणि भिकूला म्हणाली, "त्या सुताराला आदी फोन कर. येऊ नको म्हनावं."

पावसाला अजून पाच महिने होते.